यातून मिळणार काय?

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलोय. मध्ये सोयाबीनचा हंगाम, दुकान, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन असं एकामागून एक लागून राहिलं. दोन-तीन जणांनी तर फोन करून विचारलं, "बरा आहेस ना?" बरा आहे मंडळी. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं एवढंच.

निमित्त झालं २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीचं. पावसामुळे सामना उशिरा सुरू झालेला, त्यामुळे संपता संपता मध्यरात्र झाली. दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे पळत जाऊन तो शेवटचा झेल घेतला, आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि आपल्या मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. आमच्या गल्लीतल्या पोरांनी दिवाळीचे उरलेले फटाके बाहेर काढले. मी मात्र टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन नेरुळच्या त्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या खुर्च्या शोधत होतो. बायकोला म्हटलं, "ते बघ, तिथे बसलो होतो आम्ही." ती म्हणाली, "झालं सुरू. ही गोष्ट मी पन्नासदा ऐकलीय."

तिने ऐकलीय, पण तुम्हाला मी कधी सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हती असं नाही, लाज वाटत होती म्हणून. आता सांगतो. (बहीण आणि भाची दोघीही हे वाचतात. नावं लिहिलेली दोघींनाही आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही.)

तर, गोष्ट २०२३ च्या पाडव्याची. पाडवा त्या वर्षी २२ मार्चला होता. धाकटी बहीण, तिचे यजमान आणि भाची मंगरूळपीरहून वाशीमला आमच्याकडे आले होते. बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जुन्या पेन्शनचा आठवडाभराचा संप दोन दिवसांपूर्वीच मिटला होता, त्यामुळे जेवताना आधी सगळी चर्चा त्याचीच. मग मूळ विषय निघाला. भाची तेव्हा आठवीत. शाळेत बास्केटबॉल खेळते, चांगली खेळते. तिच्या क्रीडाशिक्षकांचं म्हणणं होतं की हिला नववीपासून अमरावतीला ठेवा, होस्टेलला राहील, रोज दोन वेळा सराव होईल. विदर्भात खेळाचं नाव निघालं की अमरावतीचं नाव निघतंच. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे १९१४ पासून आहे, वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. त्या मंडळाची मुलं १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आली होती. तेव्हा सरांचं म्हणणं काही वावगं नव्हतं.

पण आमच्या जावईबापूंना ते पटेना. माणूस अगदी सज्जन, मुलीवर जीव. ते मला म्हणाले, "भाऊ, ती मामाचं ऐकते. तुम्हीच समजावा तिला. डॉक्टर-इंजिनिअर नाही झाली तरी चालेल, पण बास्केटबॉल? यातून मिळणार काय?"

श्रीखंडाचा घास माझ्या हातातच राहिला. बहिणीने माझ्या ताटात अजून एक पुरी वाढली आणि काही न बोलता आत गेली.

कारण हा प्रश्न आमच्या घरात नवीन नव्हता. तो आधी एकदा विचारला गेला होता, शब्दही अगदी हेच, आणि विचारणारा मी होतो.

१९९६ साल. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. (जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.) अकोल्याला जायला मीटर गेजची गाडी, नाहीतर एसटी. बहीण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मैदानात सिमेंटचं एक कोर्ट होतं, फळ्या ठोकून केलेला बोर्ड, आणि रिंगला जाळी नव्हती. जाळी नसली की चेंडू रिंगमधून गेला का बाजूने गेला यावर भांडणं व्हायची. ती उंचीला फार नाही, पण चेंडू तिच्या हाताला चिकटल्यासारखा असायचा. पळता पळता न बघता पास द्यायची. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तिचे सामने बघायला जायचो. मीच तिचा सगळ्यात मोठा फॅन होतो म्हणा ना!

त्या वर्षी तिची अमरावती विद्यापीठाच्या संघात निवड झाली. आधी तीन आठवडे शिबिर, मग परराज्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा. ३५० रुपयांचे बूट लागणार होते. बाबांना आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता, दुकान माझ्या अंगावर, मी पंचविशीचा. घरातला कर्ता म्हणून निर्णय माझ्याकडे आला. मी वहीत हिशेब मांडावा तसं तिला समजावलं. बूट इतके, जाणं-येणं इतकं, शिबिरामुळे अभ्यास बुडणार तो वेगळा. तिकडे जिंकलीस तर एक कागद मिळेल. पुढे? "यातून मिळणार काय?"

तिने थोडा विचार केला. खरंच विचार केला, रागावून गप्प बसली नाही. मग म्हणाली, "काही नाही." आणि निवडीचं पत्र ट्रंकेत ठेवून दिलं. पुढच्या वर्षी डी.एड.ला तिचा नंबर लागला, मग नोकरी लागली, लग्न झालं. सगळं व्यवस्थित झालं. म्हणूनच त्या गोष्टीबद्दल कुणी कधी बोललं नाही. वाईट झालं असतं तर बोललो असतो.

असो. तर पाडव्याच्या दिवशी माझ्यावर तेच काम दुसऱ्यांदा आलं होतं. मी काय केलं? पळवाट काढली. म्हटलं, "आधी आपण मुंबईला जाऊन येऊ."

मुलींची प्रीमियर लीग, म्हणजे डब्ल्यूपीएल, तेव्हा पहिल्यांदाच सुरू झाली होती. ४ ते २६ मार्च, पाच संघ, सगळे सामने मुंबईत, डी. वाय. पाटील आणि ब्रेबॉर्न या दोन मैदानांवर. मी फेब्रुवारीपासून त्याच नादात होतो. १३ फेब्रुवारीला लिलाव झाला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून मोबाइलवर बघत बसलो होतो. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले तेव्हा समोरच्या शेतकऱ्याने विचारलं, "काय भाव निघाला?" त्याला वाटलं मी तुरीचा बाजारभाव बघतोय!

शुक्रवारी २४ मार्चला एलिमिनेटर आणि रविवारी २६ ला फायनल. नेरुळला मावसभाऊ राहतो, म्हणजे राहायची सोय. तिकिटं भाचीने मोबाइलवरून काढली. बहीण आधी तयार नव्हती, संपानंतर लगेच रजा कशी मागायची म्हणून. पण आली. जावईबापू म्हणाले, "रस्त्यात समजावा तिला." मी मान हलवली.

गुरुवारी रात्री अकोल्याहून विदर्भ एक्सप्रेस. सकाळी ठाण्याला उतरलो, तिथून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने नेरुळ. संध्याकाळी स्टेडियमकडे निघालो तर रस्ताभर बाया आणि पोरी. मी आयुष्यात बरेच सामने पाहिलेत, पण आजूबाजूला इतक्या बायका कधी पाहिल्या नव्हत्या. आई, आजी, शाळेचे आख्खे संघ ट्रॅकसूटमध्ये. एक आजी नऊवारीत, गालावर निळा रंग लावलेला. आमची भाची आधी बुजली होती, दहा मिनिटांत तिने कुठूनतरी झेंडा पैदा केला.

सामना होता मुंबई इंडियन्स आणि यूपी वॉरियर्झचा. मुंबईने आधी बॅटिंग करून ४ बाद १८२ केल्या. नॅट सिव्हर-ब्रंट नाबाद ७२. आम्ही विदर्भातले असलो तरी मुंबईच्या बाजूने ओरडत होतो. पण बहीण मात्र गप्प. मग यूपीची बॅटिंग आली आणि किरण नवगिरे खेळायला उतरली, तेव्हा ती पुढे सरकून बसली.

किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. आधी भालाफेक, गोळाफेक, रिले असं करत करत क्रिकेटकडे आलेली. लीगमधल्या पहिल्या सामन्यात तिच्या बॅटवर कुठल्या कंपनीचं स्टिकर नव्हतं, पेनाने धोनीचं नाव आणि त्याचा ७ नंबर लिहिलेला होता. त्या बॅटने तिने ४३ चेंडूंत ५३ केल्या होत्या. हे सगळं भाची तिच्या आईला सांगत होती. बहिणीने एकच विचारलं, "म्हणजे हिचा मूळ खेळ दुसराच होता?"

समोर विकेटा पडत होत्या आणि किरण एकटी मारत होती. २७ चेंडूंत ४३. तीन षटकार. प्रत्येक षटकाराला बहीण टाळी वाजवायची, आजूबाजूचे मुंबईवाले वळून बघायचे. मग तेरावं षटक आलं. इझी वाँग, इंग्लंडची वीस वर्षांची पोरगी, चेंडू टाकायला आली. किरणने उंच मारला, झेल गेला. पुढच्या चेंडूवर सिमरन शेख, धारावीची, पहिल्याच चेंडूवर त्रिफळा. त्यापुढच्या चेंडूवर सोफी एकल्स्टन, त्रिफळा. हॅटट्रिक! या लीगमधली पहिली हॅटट्रिक. सगळं स्टेडियम उभं राहिलं, मीही राहिलो, ओरडलो. आणि ओरडता ओरडता मला एकदम नागपूर आठवलं.

३१ ऑक्टोबर १९८७. व्हीसीएच्या जुन्या मैदानावर भारत-न्यूझीलंड, विश्वचषकाचा सामना. चेतन शर्माची हॅटट्रिक, तिघांचेही त्रिफळे, आणि गावसकरचं वनडेतलं एकमेव शतक. मी तो सामना प्रत्यक्ष पाहिलाय, हे तुम्हा सगळ्यांना मी इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालं असेल. सोळा वर्षांचा होतो. मित्राबरोबर एसटीने गेलो. बाबांनी खिशातून पैसे काढून दिले आणि म्हणाले, "रात्री थंडी वाजेल, स्वेटर ने."

एवढंच म्हणाले. मी काही खेळायला चाललो नव्हतो. नुसता बघायला चाललो होतो. शाळा बुडवून, दोनशेवर किलोमीटर. आणि मला कोणीही विचारलं नव्हतं की यातून मिळणार काय.

मी खाली बसलो. बहीण सिमरन शेखला पॅव्हेलियनकडे जाताना बघत होती. बाकी सगळे वाँगकडे बघत होते. यूपीचा डाव ११० वर आटोपला, मुंबई ७२ धावांनी जिंकली. परतताना गर्दीत भाचीने विचारलं, "मामा, तुम्ही एकदम गप्प काऊन झाले?" म्हटलं, घसा बसला.

शनिवार मोकळा होता. मला वाटलं होतं गेट वे, राणीची बाग वगैरे. पण बहीण म्हणाली, "मले नागपाडा पाह्याचाय." मला कळेचना. नागपाडा? तिथे काय? तर तिथे मस्तान वायएमसीएचं कोर्ट आहे. मुंबईचं बास्केटबॉल म्हणजे नागपाडा, असं कॉलेजात त्यांचे कोच सांगायचे. ते नाव तिने सत्तावीस वर्षं डोक्यात ठेवलं होतं.

सीएसएमटीहून टॅक्सी केली. रमजान नुकताच लागला होता, सकाळच्या गल्ल्या शांत, बरीचशी दुकानं बंद. कोर्टावर पाच-सहा पोरं खेळत होती. आम्ही कडेला उभे राहिलो. थोड्या वेळाने एक पास चुकला आणि चेंडू घरंगळत आमच्याकडे आला. बहिणीने पर्स काखेत दाबली, वाकून चेंडू उचलला आणि दोन्ही हातांनी छातीपासून सरळ परत पाठवला. कडक पास होता. पोराच्या बरोब्बर हातात. तो म्हणाला, "थँक्यू आंटी," आणि खेळ पुढे सुरू. बस, एवढंच. सिनेमात असतं तर तिने पुढे जाऊन बास्केट मारली असती. तिने रुमालाने हात पुसले.

भाची पलीकडे फोटो काढत होती. मी धीर करून म्हटलं, "मी तेव्हा चुकलो."

ती म्हणाली, "चुकला नाहीस दादा. तुझा हिशेब बरोबरच होता. खरंच काही मिळत नव्हतं तेव्हा." मग जरा थांबून म्हणाली, "पण तो तू करायला नको होता. बाबांनी केला असता, शेजाऱ्यांनी केला असता तर चाललं असतं. तू तर सामने पाहाले यायचास."

मला यावर काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

आणि खरं सांगायचं तर हिशेबही पूर्ण बरोबर नव्हता. रेल्वे खेळाडूंना नोकऱ्या देते, मुलींनाही देते, हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. दुकानात खताच्या एका गोणीचा भाव चार ठिकाणी विचारून घेणारा माणूस मी. दुसरी गोष्ट मला नंतर भाचीने सांगितली. अमेरिकेत बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, काढायचं ठरलं ते १९९६ च्या एप्रिलमध्ये. पुढच्या वर्षी जूनमध्ये सामने सुरूही झाले. म्हणजे ज्या वर्षी मी वाशीममध्ये बसून "यात काही नाही" असं सांगत होतो, त्याच वर्षी तिकडे कुणीतरी त्याचं उत्तर तयार करत होतं. आता त्याचा वाशीमला काय उपयोग, असं म्हणता येईल. नव्हताच. पण एखाद्या गोष्टीत "काही नाही" हे कायमचं नसतं, कुणीतरी ते बदलावं लागतं, इतकं तरी मला कळायला हवं होतं.

रविवारी फायनल. ब्रेबॉर्न स्टेडियम, चर्चगेटच्या अगदी जवळ. मुंबई विरुद्ध दिल्ली. दिल्लीची बॅटिंग सपशेल कोसळली. सोळा षटकांत ९ बाद ७९! मी घड्याळ बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता काय राहिलंय यात? निघायचं का? लोकल रिकामी मिळेल."

दोघींनी माझ्याकडे एकदमच पाहिलं. बहीण तर हसायलाच लागली. "दादा, तू नाही सुधरत."

मग झालं असं की शेवटची जोडी, शिखा पांडे आणि राधा यादव, आउटच होईना. शिखा गोव्याकडून खेळत वर आलेली, एअर फोर्समध्ये अधिकारी. राधा इथलीच, कांदिवलीत वाढलेली. दोघी गोलंदाज, पण शेवटच्या चार षटकांत त्यांनी ५२ धावा काढल्या, दोघीही नाबाद २७. ज्या संघाच्या बाजूने आलो होतो तो विसरून आम्ही तिघं त्या दोघींसाठी ओरडत होतो. १३१ झाल्या. तरीही दिल्ली हरलीच. मुंबईने तीन चेंडू राखून सामना जिंकला, सिव्हर-ब्रंट शेवटपर्यंत उभी राहिली, नाबाद ६०. पण त्या ५२ धावा नसत्या तर ती फायनल राहिलीच नसती, नुसती औपचारिकता झाली असती. शेवटच्या षटकापर्यंत सगळं स्टेडियम उभं होतं ते त्या दोघींमुळे. हिशेबात त्यांना काय मिळालं? हरलेल्या संघातल्या नाबाद २७ धावा. मी निघून गेलो असतो तर मला तेही दिसलं नसतं.

सोमवारी संध्याकाळी परतीची गाडी. कल्याण गेल्यावर डबे उघडले, मावसभावाच्या बायकोने दिलेली थालीपीठं. खाता खाता भाचीने विचारलं, "मामा, मी क्रिकेट घेऊ का? किरण नवगिरेनंही बदललंच ना. बास्केटबॉलमध्ये आपल्याकडे असं काहीच नाही."

मला तो प्रश्न फार लागला. तीन दिवस मी तिला हेच दाखवायला नेलं होतं की बघ, मुलींनाही आता खेळातून मिळतं. आणि तिने त्यातून बरोबर हिशेब काढला होता. माझीच भाची! मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. काय सांगणार? २०१७ साली बंगळुरूला आपल्या मुलींनी आशिया चषकाच्या ब गटाची फायनल जिंकली, कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. दोन गुणांनी जिंकलेली फायनल! वाशीममध्ये किती जणांनी पाहिली? मीसुद्धा पाहिली नव्हती. मग तिला कुठल्या तोंडाने सांगू की तुझ्या खेळातही काही आहे?

बहीण म्हणाली, "तुले कोणता आवडते?"

"बास्केटबॉल."

"मग इचारते काऊन?"

विषय संपला. भाची वरच्या बर्थवर जाऊन झोपली. मी बहिणीला हळूच म्हटलं, अमरावतीच्या पहिल्या वर्षाचा खर्च मी करतो. ती म्हणाली, "खर्च मी करीन, मले पगार आहे. तू फक्त तो प्रश्न इचारू नको. आणि दुसऱ्याचाही घेऊन येऊ नको."

वाशीमला परतल्यावर जावईबापूंचा फोन आला, "समजावलं का?" मी म्हटलं, "नाही. मला नाही जमणार. हे काम मी एकदा केलंय." त्यांना सगळी हकिकत सांगितली. बायकोच्या ट्रंकेत ते पत्र आहे हे त्यांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाहू." आमच्याकडे "पाहू" म्हणजे निम्मं "हो" असतं.

जूनमध्ये भाची अमरावतीला गेली.

आता तुम्हाला वाटेल की पुढे ती भारताकडून खेळली वगैरे. नाही. दुसऱ्या वर्षी विभागाच्या संघातून राज्य स्पर्धेला गेली आणि पहिल्याच सामन्यात हरून परत आली. आता अकरावीत आहे. रोज सकाळी साडेपाचला उठते, अभ्यास बरा आहे, फार बरा नाही. पुढे काय होईल कोणास ठाऊक. किरण नवगिरेने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला ३४ चेंडूंत शतक ठोकलं, बायकांच्या टी-ट्वेंटीतलं जगातलं सगळ्यात जलद. सिमरन शेख, जी त्या दिवशी पहिल्याच चेंडूवर बाद झाली होती, तिला २०२४ च्या डिसेंबरमधल्या लिलावात गुजरातने १ कोटी ९० लाखांना घेतलं. पहिल्या वर्षी तिची किंमत १० लाख होती, आणि मधल्या वर्षी तर कुणीच घेतली नव्हती. बास्केटबॉलच्या मुलींच्या नशिबी असं काही अजून नाही. आणि अमेरिकेतही सगळं आलबेल आहे असं नाही. २०२५ च्या जुलैमध्ये इंडियानापोलिसला त्यांचा ऑल-स्टार सामना झाला, तेव्हा सगळ्या खेळाडू सरावाला "आमचं देणं द्या" अशा अर्थाचे टी-शर्ट घालून उतरल्या होत्या. भाचीने मला तो फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, यांचा पण हिशेब बाकी आहे."

परवाच्या त्या २ नोव्हेंबरच्या रात्री फटाके चालू असताना साडेबाराला फोन वाजला. जावईबापू. एवढ्या रात्री ते कधी फोन करत नाहीत, मी घाबरलोच. तर म्हणाले, "पाहिलं का? जिंकल्या!" आवाज बसलेला. मग इकडचं-तिकडचं बोलून शेवटी म्हणाले, "भाऊ, बास्केटबॉलची अशी लीग आपल्याकडे कधी निघेल हो?"

म्हटलं, माहीत नाही. निघेल कधीतरी.

ते म्हणाले, "निघाली पाहिजे. बरं ते जाऊ द्या, तुम्ही सोमवारी अमरावतीला जाणार आहात ना मालाच्या कामाला? पोरीचे बूट फाटलेत. नंबर पाठवतो."

जाऊन आलो. बूट ३५० ला मिळत नाहीत आता, हे सांगायला नकोच. :-) असो. दुकान उघडायची वेळ झाली.